‘पिक अप’चे इतके अर्थ लक्षात ठेवायचे कसे?

प्रश्न थोडक्यात असा: ‘शिक्षण मराठी माध्यमातलं, नोकरी हिंजवडीत. व्याकरण बरं आहे, वाचलेलं कळतं, पण फ्रेजल व्हर्ब (मागे अप, ऑन, ऑफ असा छोटा शब्द जोडून अर्थ बदललेलं क्रियापद) आलं की अडतं. एकट्या पिक अपचे डिक्शनरीत पानभर अर्थ आहेत. पाठ केले आणि विसरलो. परवा मीटिंगच्या शेवटी परदेशी मॅनेजर म्हणाले, लेट्स पिक धिस अप ऑन मंडे. मला वाटलं, सोमवारी कुठून तरी काहीतरी आणायचंय. हे अर्थ लक्षात ठेवायची काही पद्धत आहे का?’

मी इंग्रजी-मराठी अनुवाद करते आणि नोकरदारांना इंग्रजी शिकवते. हा प्रश्न माझ्यापुढे सतत येतो, म्हणून जरा ऐसपैस उत्तर देते.

पहिली गोष्ट, पाठांतर सोडा. ‘पाचशे फ्रेजल व्हर्ब अर्थासह’ अशी पुस्तकं बाजारात मिळतात, त्यांचा परीक्षेपलीकडे उपयोग नाही. पिक अप म्हणजे एक उचलणे, दोन आणणे, तीन शिकणे, चार सुधारणे, अशी यादी डोक्यात राहत नाही, कारण त्या चार शब्दांना जोडणारं त्या पुस्तकात काहीच नसतं. जोडणारी गोष्ट वाक्यात असते. काय उचललं जातंय ते आधी बघायचं, म्हणजे कर्म बघायचं. कर्म कळलं की अर्थ बहुतेक वेळा आपोआप उलगडतो. आणि कर्मच नसेल, तर तो अर्थ वेगळ्याच घरातला आहे हे लगेच ओळखता येतं.

दुसरी गोष्ट, तुम्ही मराठी आहात ही इथे अडचण नसून सोय आहे. आपलं ‘उचलणे’ काय काय करतं बघा. मामा लग्नाचा खर्च उचलतात, थोरला मुलगा घराची जबाबदारी उचलतो, पोलीस संशयिताला उचलतात, आपण फोन उचलतो, पोरं गल्लीतल्या शिव्या चटकन उचलतात, एका वर्तमानपत्राची बातमी दुसरं उचलतं, स्वेटर विणणारी गळ्याचे टाके उचलते. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत पिक अप चालतं. खर्चासाठी ‘पिक अप द बिल’ किंवा ‘पिक अप द टॅब’, पोलिसांसाठी ‘द पोलीस पिक्ड हिम अप’, शिव्यांसाठी ‘ही पिक्ड अप सम बॅड वर्ड्‌स’, विणकामात ‘पिक अप द स्टिचेस’. तुमच्या ऑफिसात ‘कॅन यू पिक अप धिस टिकिट?’ विचारतात (टिकिट म्हणजे सिस्टिममध्ये नोंदवलेलं काम) तेव्हा ते काम अंगावर घेशील का, एवढंच विचारत असतात. जबाबदारी उचलण्यातलंच उचलणं आहे ते.

अर्थात दोन्ही शब्द जुळे नाहीत. ऊसतोड मजूर मुकादमाकडून हंगामाआधी ‘उचल’ घेतात, तिथे इंग्रजीत अॅडव्हान्सच म्हणावं लागेल. दुकानातून वस्तू उचलणाऱ्याला इंग्रजी शॉपलिफ्टर म्हणतं, म्हणजे तिथे ‘लिफ्ट’ आलं. आणि खिसेकापूचं काम आपल्याकडे कापण्याचं, इंग्रजीत मात्र ‘पिक’ करण्याचं, म्हणून पिकपॉकेट.

हा नुसता ‘पिक’ आधी समजून घ्यायला हवा, कारण आपल्या निम्म्या चुका तिथे होतात. पिकच्या मुळाशी टोकदार गोष्टीने टोचणं, उकरणं, एकेक करून वेचणं आहे. टूथपिक त्यातलाच. ‘पिक अ फाइट’ म्हणजे भांडण उकरून काढणं, आणि आपणही भांडण ‘उकरूनच’ काढतो. वेचण्यातून निवडण्याचा अर्थ आला: ‘पिक अ कार्ड’, एक पत्ता निवडा. विदर्भातलं उदाहरण घ्या. झाडावरच्या बोंडातला कापूस वेचणं म्हणजे ‘पिक कॉटन’. वेचताना जमिनीवर पडलेला कापूस उचलणं म्हणजे ‘पिक अप’. ‘अप’ लागला की हात खाली जातो आणि वर येतो. तो जोडला नाही तर हात आडवाच राहतो.

आता आपल्याकडचं नेहमीचं वाक्य: ‘प्लीज पिक मी फ्रॉम दादर स्टेशन.’ भारतात हे सर्रास चालतं आणि सगळ्यांना कळतं. इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसाला मात्र ते ‘दादर स्टेशनवरून माझी निवड करा’ असं ऐकू येतं. ‘पिक मी अप’ म्हणायचं. तसंच ‘शी इज नॉट पिकिंग माय कॉल’. हे तर मी इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांच्या तोंडूनही रोज ऐकते. कॉल ‘आन्सर’ करतात किंवा ‘टेक’ करतात, उचलला जातो तो फोन: ‘पिक अप द फोन’. नुसतं ‘शी इज नॉट पिकिंग अप’ म्हटलं तरी पुरतं. जुन्या फोनचा रिसीव्हर खरोखर उचलावा लागायचा, तेव्हापासूनचा हा प्रयोग. आता आपण काचेवर बोट सरकवतो, पण दोन्ही भाषा अजून ‘उचलतात’च.

कर्म माणूस असेल तर जरा थांबा, कारण इथे घोटाळे होतात. मुलाला शाळेतून पिक अप केलं म्हणजे आणलं. रिक्षाने पॅसेंजर पिक अप केला म्हणजे घेतला. रात्रीच्या खासगी बसचा पिकअप पॉइंट आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पडलेल्या मुलाला पिक अप केलं म्हणजे उचलून उभं केलं, आणि ‘शी पिक्ड हरसेल्फ अप’ म्हणजे ती सावरली. पण बारमध्ये कुणी कुणाला पिक अप केलं, तर अर्थ सरळ ‘पटवलं’ असा होतो. पिकअप लाइन म्हणजे त्यासाठी टाकलेलं वाक्य. म्हणून ‘आय पिक्ड अप अ गर्ल लास्ट नाइट’ हे वाक्य, मैत्रिणीच्या बहिणीला एअरपोर्टवरून आणलं असेल तरी, असं उघडं टाकू नका. कोण आणि कुठून ते जोडा: ‘आय पिक्ड माय कझिन अप फ्रॉम द एअरपोर्ट’. मग कुणाच्या भुवया उंचावणार नाहीत.

पोलिसांच्या बाबतीत अनुवादकाने फारच जपायला हवं. ‘पिक्ड अप फॉर क्वेश्चनिंग’ याचं मराठी ‘अटक केली’ होत नाही. चौकशीसाठी ताब्यात घेतलं, इतकंच. अटक ही कायदेशीर घटना आहे. राज्यघटनेच्या कलम २२ नुसार अटक करून कोठडीत ठेवलेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावं लागतं. इंग्रजी बातमीदार ‘पिक्ड अप’ लिहितो तेव्हा अनेकदा तो मुद्दाम अटक हा शब्द टाळत असतो. मराठीत ती काळजी पुसून टाकली तर बातमीच बदलते. बोलीतलं ‘उचललं’ हे मूळच्या सर्वांत जवळ आहे, पण छापील मराठीला ते थोडं सैल वाटतं, म्हणून ‘ताब्यात घेतलं’.

पिक अपचं माझ्या मते सगळ्यात श्रीमंत दालन पुढचं आहे: मुद्दाम न ठरवता, जाता-येता, फार कष्ट न करता काहीतरी आपल्याकडे येणं. ‘पिक अप सम मिल्क ऑन युवर वे होम’ यातलं पिक अप म्हणजे ‘विकत घेणे’ नाही, ‘येता येता दूध घेऊन ये’ मधलं ‘येता येता’ त्यात आहे. बाजारात सहज चांगली साडी स्वस्तात मिळून गेली, तर ‘आय पिक्ड अप अ बार्गेन’. लग्नाचा शालू ठरवून, चार दुकानं हिंडून घेतला, तर तिथे पिक अप शोभत नाही.

भाषेचंही तसंच. बेळगावात वाढलेल्या मराठी मुलाला कन्नड येतं ते बरेचदा खेळता खेळता कानावर पडून. ‘ही पिक्ड अप कन्नड’ हे त्याला अगदी फिट्ट बसतं. क्लास लावून, व्याकरण घोकून शिकला असेल, तर ‘लर्न्ड’. हा फरक तुमच्या कामाचा आहे. बायोडाटामध्ये ‘आय पिक्ड अप जावा’ लिहिलंत, तर वाचणाऱ्याला वाटेल की तुम्ही इकडून तिकडून थोडं ऐकून घेतलंय. कोर्स केला असेल तर तसं लिहा. उलट मुलाखतीत ‘आय पिक थिंग्ज अप क्विकली’ म्हणणं फायद्याचं: मला लवकर उमजतं, फार शिकवावं लागत नाही.

आजारही असाच न मागता येतो, म्हणून ‘आय पिक्ड अप अ कोल्ड’. इथे मात्र आपली वाट वेगळी आहे. इंग्रजीत माणूस सर्दी उचलतो, मराठीत माणसाला सर्दी होते. सवयीचं तेच: इंग्रजीत तो सवय पिक अप करतो, मराठीत त्याला सवय लागते. आपल्याकडे अशा ठिकाणी माणूस कर्ता राहतच नाही, गोष्टच त्याच्याकडे चालून येते. नवशिक्या अनुवादकाचं ‘त्याने संसर्ग उचलला’ हे वाक्य मराठी नाही. ‘त्याला लागण झाली’ म्हणा, ‘संसर्ग झाला’ म्हणा.

कर्म आवाज, संकेत, वास, चूक असं काही असेल, तर पिक अप म्हणजे टिपणं किंवा पकडणं. माइकने शेजारच्या खोलीतला आवाज पिक अप केला, रडारने विमान पिक अप केलं, सोनोग्राफीत बारीकसा खडा पिक अप झाला, ऑडिटरने हिशेबातली चूक पिक अप केली. माइक टिपतो, ऑडिटर पकडतो, खडा ‘दिसतो’. यातला ‘टिपणे’ मला फार आवडतो, कारण चिमणीही दाणे टिपते. टोकदार चोचीने एकेक वेचणं हेच तर पिकचं जुनं काम. इलेक्ट्रिक गिटारवर तारांखाली बसवलेल्या भागाला पिकअप म्हणतात, ते याच अर्थाने: तारांचं कंपन तो टिपतो.

याच दालनाला ‘ऑन’ जोडलेली दोन भावंडं आहेत आणि ती सारखी दिसत असली तरी स्वभावाने वेगळी आहेत. ‘शी पिक्ड अप ऑन हिज नर्व्हसनेस’ म्हणजे तो घाबरलाय हे तिने ओळखलं, कुणी न सांगता. ‘शी पिक्ड हिम अप ऑन हिज स्पेलिंग’ म्हणजे त्याच्या स्पेलिंगवरून तिने त्याला टोकलं. हा दुसरा प्रयोग प्रामुख्याने ब्रिटिश. लंडनच्या टीमबरोबर काम करत असाल आणि ईमेलमध्ये ‘आय मस्ट पिक यू अप ऑन दॅट’ आलं, तर कुणी तुम्हाला घ्यायला येत नाहीये, तुमची चूक दाखवली जातेय. यातला ‘अप’ गाळून ‘पिक ऑन’ केलंत तर तिसरंच होतं: एखाद्याच्या मागे लागणं, त्याला मुद्दाम छळणं.

आता तुमचा सोमवार. ‘लेट्स पिक धिस अप ऑन मंडे.’ इथे ‘धिस’ म्हणजे चर्चा. ती आज खाली ठेवली, सोमवारी पुन्हा हातात घ्यायची. ‘पिक अप व्हेअर वी लेफ्ट ऑफ’ हे त्याचं लांब रूप: जिथे सोडलं तिथून पुढे. मराठीत ‘सोमवारी पुढे बोलू’ किंवा ‘हा धागा सोमवारी पुन्हा पकडू’. म्हणजे इथे तुम्हाला पिक अपने नाही, ‘धिस’ने फसवलं. ‘धिस’ कशाला म्हटलं हे आधी विचारलं असतं, तर आणायचं काही नाहीच हे लक्षात आलं असतं.

इथपर्यंत सगळीकडे कर्म होतं. आता कर्म नसलेली वाक्यं बघा: ‘सेल्स हॅव पिक्ड अप.’ ‘द विंड पिक्ड अप.’ कुणी काही उचलत नाही, गोष्ट स्वतःच वर जाते. विक्री वाढली, वारा वाढला. मराठीत प्रत्येकाला वेगळं क्रियापद लागतं: मालाला उठाव आला, पावसाने जोर धरला, लोकलने वेग घेतला, जुन्या वादाने पुन्हा उचल खाल्ली. शेवटचं पाहिलंत? ‘उचल’ इथेही आहेच. शिवाय आपण इंग्रजी शब्दच घेऊन त्याचं नाम केलंय: नाटकाने दुसऱ्या आठवड्यात पिकअप घेतला, नवीन दुकानाने अजून पिकअप घेतलेला नाही, गाडीला पिकअप नाही. भाजी मार्केटच्या दारात उभा असतो तोही पिकअपच, पण तो मालवाहू गाडीचा. ‘पिकअप आहे, पण पिकअप नाही’ हे वाक्य आपल्याकडे पूर्ण अर्थाचं आहे.

या घरात एक खड्डा आहे. ‘द विंड इज पिकिंग अप’ म्हणजे वारा जोर धरतोय, होडीवाल्याने परत फिरावं. ‘द वेदर इज पिकिंग अप’ म्हणजे हवामान सुधारतंय, आता निघायला हरकत नाही. वाऱ्याचं वर जाणं म्हणजे जोर वाढणं, हवामानाचं वर जाणं म्हणजे बरं होणं. ज्या गोष्टीला जोर किंवा वेग असतो ती वाढते, जिला बरं-वाईट असतं ती सुधारते, हे धरून चाललात की फसणार नाही. धंद्याला दोन्ही लागू, म्हणून तिथे वाद नाही.

उरलेले प्रयोग पटकन. ‘पिक अप द पीसेस’ म्हणजे मोठा आघात झाल्यावर विस्कटलेलं पुन्हा सावरणं. ‘पिक अप आफ्टर समवन’ म्हणजे दुसऱ्याने केलेला पसारा आवरत बसणं, ज्याचं उदाहरण प्रत्येक घरात सापडेल. पिक-मी-अप म्हणजे तरतरी आणणारं काहीतरी, आपल्याकडे निर्विवाद चहा.

व्याकरणातली एकच गोष्ट पक्की करा. कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच बसतं: ‘पिक इट अप’, ‘पिक हिम अप’. ‘पिक अप इट’ हे चूकच. नाम असेल तर दोन्ही चालतं, ‘पिक अप द बॅग’ किंवा ‘पिक द बॅग अप’. पण नाम लांबलचक झालं की त्याला शेवटी ठेवा, नाहीतर ‘अप’ येईपर्यंत ऐकणारा ‘पिक’ विसरतो. ओळखण्याच्या अर्थाचं ‘पिक अप ऑन’ मात्र फुटत नाही. त्यातले तिन्ही शब्द हातात हात घालूनच राहतात. आणि उच्चार: क्रियापद असताना जोर ‘अप’वर, नाम असताना ‘पिक’वर. आपण मराठीत बहुतेक नामच वापरतो, त्यामुळे क्रियापदातही ‘पिक’वर जोर देण्याची सवय आपल्याला लागलेली असते.

हे सगळं इंग्रजीने असं का करून ठेवलंय, असा वैताग तुमच्या प्रश्नात जाणवतो. तो जुना आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की क्रियापदामागे छोटं अव्यय जोडून अर्थ फिरवण्याची ही रीत परदेशी माणसाला सगळ्यात अवघड जाते. गंमत म्हणजे फ्रेजल व्हर्ब हे नाव त्यानंतर कितीतरी उशिरा छापलं गेलं, १९२५ मध्ये. लेखक लोगन पिअर्सल स्मिथ यांनी ते वापरलं आणि ते सुचवल्याचं श्रेय ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिलं.

पण आपल्याला ही रीत परकी वाटायचं कारण नाही. संस्कृत व्याकरण शिकवताना एक श्लोक सांगतात: उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते, प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्. धातू एकच, हृ. पुढे उपसर्ग लागला की कुठे जेवण, कुठे फेरफटका, कुठे विनाश. उपसर्ग धातूच्या अर्थाला जबरदस्तीने दुसरीकडे ओढून नेतो, असं तो श्लोक म्हणतो. इंग्रजी तेच करतं, फक्त ओढणारा मागून येतो. आणि मराठीत तर तोही मागूनच येतो: बोलून टाकलं, बोलून बसलो, बोलून गेला, बोलून दाखवलं. यातला फरक परदेशी विद्यार्थ्याला समजावताना मला अर्धा तास लागतो. ‘बोलून टाकलं’मध्ये सुटका आहे, ‘बोलून बसलो’मध्ये पश्चात्ताप. तुम्ही हे कोणत्याही यादीतून पाठ केलेलं नाही. ऐकत ऐकत आलंय तुम्हाला. इंग्रजीत यालाच पिक अप म्हणतील.

आता करायचं काय? वहीत ‘पिक अप’ असं शीर्षक लिहून खाली अर्थांची रांग लावू नका. उलटं करा. कर्म लिहा, मग त्याच्यासमोर भेटलेलं अख्खं वाक्य. फोन, पार्सल, पाहुणा, सर्दी, भाषा, बिल, आवाज, चर्चा, टिकिट, आणि एक ओळ ‘कर्म नाही’. वाक्य स्वतः रचू नका, ईमेलमधून, मीटिंगमधून, बातम्यांमधून जसं आलं तसं उतरवा. शेजारी मराठी लिहाल तेव्हा आधी ‘उचलणे’ बसवून बघा. बसलं तर काम झालं. नाही बसलं तर तुमच्या घरात ते कसं बोलतात ते लिहा, डिक्शनरीतलं नको.

‘पुट ऑफ’, ‘टेक ऑफ’, ‘मेक आउट’ यांनाही हेच लागू आहे. फक्त ‘मेक आउट’च्या वेळी जपा. ‘आय कान्ट मेक आउट’ असं आपण ‘नीट कळत नाहीये’ या अर्थाने उठसूट म्हणतो. अमेरिकन कानाला कर्माशिवायचं ‘मेक आउट’ चुंबनाकडे जातं. तिथे कर्म जोडा, ‘आय कान्ट मेक आउट व्हॉट इट सेज’, म्हणजे काय लिहिलंय ते वाचता येत नाहीये एवढंच त्यांना कळेल.